रोलांदचं नाक

अमेरिकेहून मागवलेल्या वासांच्या कार्डांवर क्वेबेकमधल्या हा-हा नावाच्या खाडीकाठची म्हातारी माणसं धडाधड नापास होत होती आणि त्याची त्यांना काडीइतकीही लाज वाटत नव्हती. परीक्षा तशी साधी. कार्डावरचा तपकिरी ठिपका नखानं खरवडायचा, हुंगायचा आणि खाली दिलेल्या चार नावांपैकी एक सांगायचं. मादाम बुशारनी पहिलंच कार्ड हुंगलं आणि हे गुडघ्याला चोळायचं मलम आहे असं छातीठोकपणे सांगितलं. चार नावांत मलम नव्हतं. होतं एक अमेरिकी सरबत, जे त्यांनी जन्मात तोंडाला लावलं नव्हतं. परीक्षा घेणारी नर्स मार्जोलेन हिनं, चारांतलंच एक निवडायला हवं, असं अदबीनं सुचवलं. त्यावर बाई म्हणाल्या, "मग हे कार्ड गुडघ्याला चोळून बघ, आराम पडतो की नाही ते," आणि पर्स उचलून कॉफी प्यायला निघून गेल्या.

लिझेत गोद्रो काचेपलीकडून हे बघत होती. ती आधी हसली, मग तिचं हसू ओसरलं. कारण तिच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे मादाम बुशार आता धोक्याच्या गटात जाऊन बसल्या होत्या, आणि शेजारच्या घरात कोण चोरून सिगरेट ओढतंय हे या बाईंना भिंतीपलीकडून कळत असे.

लिझेत तेव्हा पन्नाशीला टेकली होती. खाडीजवळच्या शिकुतिमी शहरातल्या एका इस्पितळाच्या मागच्या इमारतीत तिची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या आणि एक फ्रीजर. काम काय करतेस असं गावात कुणी विचारलं तर ती एका दमात सांगायची. हात थरथरायला लागतात त्याच्या कितीतरी वर्षं आधी पार्किन्सनचा आजार माणसाच्या अंगात येऊन बसलेला असतो. तो कुठे दडून बसलाय ते मी शोधते. नाकात दडतो, डोळ्यांत दडतो, आणि हृदयाकडे जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंतही दडतो. लोक मान डोलवायचे आणि आपल्या सासूचे हात थरथरतात ते यातलंच का, असं विचारायचे.

हे तिला पुस्तकांच्या आधी वडिलांनी शिकवलं होतं, पण तेव्हा ते कुणाला उमगलं नव्हतं. फिलियास गोद्रो खाडीकाठच्या कागद कारखान्यात लगदा शिजवायच्या कामावर होते. सगळ्या गावावर उकडलेल्या कोबीचा वास पसरलेला असायचा आणि पाहुणा आला तरच त्याची आठवण व्हायची. लिझेत शाळेत होती तेव्हा एका हिवाळ्यात वडिलांनी बर्फावरच्या खोपटात बसून पकडलेले एपर्लां मासे घरी आणून टेबलावर ओतले. ताज्या एपर्लांना काकडीसारखा वास येतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वडिलांनी एक मासा नाकाशी धरला, मग दुसरा धरला आणि म्हणाले, कालचेच असावेत. ते मासे त्यांनीच सकाळी पकडले होते. आई हसली आणि म्हणाली की कारखान्यानं तुमचं नाक खाल्लं. त्यांच्या पाळीतल्या निम्म्या माणसांची नाकं कारखान्यानं खाल्लेली होती, त्यामुळे त्यात कुणाला विशेष काही वाटलं नाही.

मग काही वर्षांनी त्यांनी होडी रंगवली, तर अर्धी निळी आणि अर्धी हिरवी, आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत म्हणून ते शेजाऱ्याशी हटून बसले. मग उजवा हात आपोआप गोळी वळल्यासारखा हलायला लागला. मग खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि टेबलाची कड धरावी लागायची. नाक, डोळे, हात, छाती. प्रत्येकासाठी वेगळा डॉक्टर झाला आणि प्रत्येकानं आपापलं औषध दिलं. शेवटच्या वर्षी त्यांना टेबलाखाली एक कुत्रा बसलेला दिसायचा. लिझेत क्वेबेक शहरात शिकत होती. सुट्टीत आली की ती वडिलांजवळ बसून, बाबा, कुत्रा नाहीये, हा तुमच्या डोळ्यांचा खेळ आहे, असं नीट समजावून सांगायची. वडील ऐकून घ्यायचे आणि तिच्या पायाशी बघत राहायचे. थोरली रोलांद घरीच होती. तिनं काही समजावलं नाही. टेबलाखाली एक वाडगं ठेवलं, आणि रोज ते धुऊन पालथं घालत राहिली.

तर ही रोलांद. लिझेतपेक्षा आठ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून त्याच जुन्या घरात एकटी राहायची. गावात कुणी गेलं की दफनानंतरचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये तिच्या हातचं असायचं: भल्या मोठ्या भांड्यात मांसाचे आणि बटाट्यांचे बारीक चौकोनी तुकडे, वर पिठाचं झाकण, आणि हे सगळं मंद आचेवर अर्धा दिवस. याला तुर्तिएर म्हणतात, आणि खाडीवर प्रत्येकीला आपलीच तुर्तिएर खरी वाटते. रोलांदच्या बाबतीत मात्र इतर बायकाही मनातल्या मनात हार मानून होत्या. ती भट्टीचं दार उघडून बघत नसे. पलीकडच्या खोलीत कुणाशी तरी बोलता बोलता मध्येच थांबायची, मान जराशी वळवायची आणि झालं म्हणायची. झालेलं असायचं.

लिझेत रविवारी तिच्याकडे जेवायला जाई. जेवणानंतर मादाम बुशारच्या मलमाची हकिकत ऐकून रोलांदला इतकं हसू आलं की तिनं खुर्चीत बसकण मारली. हसून झाल्यावर तिनं विचारलं, की खाडीवरच्या माणसांना खाडीवरचेच वास का देत नाहीस? इतका साधा विचार आपल्याला का सुचला नाही याचा लिझेतला रागच आला.

त्यातून बाटल्या निघाल्या. तपकिरी काचेच्या, बुचाच्या. एकीत एपर्लां मासे, एकीत उकळत्या ब्लूबेरीचा मुरांबा, एकीत स्प्रूसच्या झाडाचा डिंक. चर्चमधला धूप होता, पेटलेली बर्चची साल होती, तुर्तिएरमध्ये घालायचा सारिएतचा पाला होता आणि चुलीपाशी वाळत घातलेले ओले लोकरी हातमोजेही होते. हा शेवटचा वास तयार करताना अर्क काढून देणाऱ्या गावातल्या औषधविक्याच्या दोन महिन्यांच्या रजा खर्ची पडल्या. मादाम बुशारना पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांनी सगळे वास ओळखले, वर हातमोजे कुण्या पुरुषाचे आहेत हेही सांगितलं.

पण बाटलीत वास नुसता असून चालत नाही, तो किती तीव्र आहे ते ठरवावं लागतं. फार मंद असला तर धडधाकट माणूसही चुकतो. फार उग्र असला तर आजारी माणसालाही येतो आणि परीक्षेला अर्थ राहत नाही. म्हणून तो पातळ करत करत अशा जागी आणायचा, की चांगल्या नाकाला तो जेमतेम कळावा, आणि मग तिथून ठरलेल्या पायऱ्या वर चढायच्या. पहिल्या वर्षी लिझेतनं हे अगदी शास्त्रोक्त केलं. चर्चच्या गायकमंडळातली बारा माणसं बसवली, प्रत्येकाचं नाक तपासलं, बाराजणांची सरासरी काढली. सहज म्हणून रोलांदचंही नाक तपासलं होतं, ती सरासरी त्याच्याशी तंतोतंत जुळली. बाटल्यांचा वास वर्षभरात उडतो, म्हणून दर शरदात त्या नव्यानं भराव्या लागत. दुसऱ्या वर्षी सहाजण आले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी गायकांचा नाताळचा सराव होता, सगळ्यांना सर्दी होती, आणि लिझेतला वाटलं, उत्तर माहीतच आहे तर एवढी माणसं गोळा कशाला करायची. पेटीच्या सुराला गळा लावावा तशी ती रोलांदच्या नाकाला बाटल्या लावू लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसायच्या. एक भरायची, दुसरी हुंगायची, आणि मध्ये मध्ये गावाची उणीदुणी निघायची.

चौथ्या वर्षी रोलांद कुरकुर करायला लागली. हे पातळ आहे, म्हणाली. डिंक शिळा आहे. धूप कुठून आणलास, धूळ आहे नुसती. लिझेत थोडं घालायची, रोलांद मान हलवायची. लिझेत आणखी घालायची. लहानपणापासून तू हात आखडूनच वाढतेस, असा टोमणाही तिनं ऐकून घेतला. पाचव्या वर्षी तर हातमोज्यांच्या बाटलीवरून दोघींचं चांगलंच वाजलं, आणि लिझेतनं चिडून हवं तेवढं ओतलं. आता कसं, असं रोलांद म्हणाली, तेव्हा कुठे दोघींनी कॉफी घेतली.

त्या हिवाळ्यात मार्जोलेनचं डोकं दुखायला लागलं. जानेवारीच्या कडाक्यात ती परीक्षेच्या खोलीची खिडकी उघडी टाकून बसायची आणि येणारी म्हातारी माणसं कोट न काढता परीक्षा द्यायची. त्याहून विचित्र म्हणजे ज्यांना पार्किन्सन झाल्याचं आधीच ठरलेलं होतं, ज्यांना वर्षानुवर्षं कसलाच वास येत नव्हता, ते एकामागून एक बाटल्या ओळखायला लागले. एका म्हाताऱ्याला हातमोज्यांच्या बाटलीपाशी चक्क रडू आलं. त्याला चार वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं.

हृदयाच्या चित्रांचं काम बघणारा डॉक्टर रेनाल्द हा लिझेतचा या कामातला जोडीदार. बोलण्यात तिरकस, पण कामाला चोख. आकडे बघून तो म्हणाला, "अभिनंदन. तुझ्या बाटल्या हुंगून पार्किन्सन बरा होतो, असं जाहीर करून टाकू."

लिझेत हसली नाही. तिनं फ्रीजरमधून पहिल्या वर्षीची, वास उडू नये म्हणून सील करून ठेवलेली हातमोज्यांची बाटली काढली. ती खोलीच्या उबेला येऊ दिली आणि यंदाच्या बाटलीशेजारी उघडली. पहिल्या बाटलीतला वास, ओले हातमोजे घातलेलं कुणीतरी बाहेरच्या बोळातून निघून जावं, इतकाच होता. यंदाची उघडली आणि तिचं डोकं मागे गेलं. आख्ख्या गायकमंडळाचे हातमोजे कुणी तोंडावर दाबावेत तसं झालं.

तिनं वजनकाटा तपासला. थेंब मोजायच्या नळ्या तपासल्या. औषधविक्याला फोन करून अर्काची खात्री करून घेतली. तो जरा दुखावलाच. सगळं जिथल्या तिथे होतं. तपासायचं उपकरण आता एकच राहिलं होतं. लिझेत दोन्ही बाटल्या बंद करून खुर्चीत बसली, आणि टेबलावरचा मासा नाकाशी धरून, कालचेच असावेत, असं म्हणणारे वडील तिला स्पष्ट दिसले.

नाक शंभर कारणांनी जातं. सर्दीनं जातं, आत मांस वाढल्यानं जातं, पडून डोकं आपटल्यानं जातं, नुसत्या वयानंही जातं. ही सगळी कारणं तिनं स्वतःला शिकवायला बसल्यासारखी समजावली. मग तिला आठवलं, नाताळच्या तुर्तिएरमध्ये सारिएत जरा जास्त झाली असं कुणीतरी हॉलमध्ये हळूच म्हणालं होतं आणि रोलांद त्या बाईशी अजून बोलत नव्हती.

चुकीची कबुली द्यायला तिला त्रास झाला नाही. वास ठरवताना मी एकाच नाकावर विसंबले, दोन वर्षांचे वासाचे आकडे फेकून द्यायचे, पुढच्या बाटल्या पुन्हा बारा नाकांवर ठरतील, असं तिनं बैठकीत सांगून टाकलं. कुणाचं नाक, असं रेनाल्दनं विचारलं. माझ्या बहिणीचं, असं ती म्हणाली. त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही. दारापर्यंत सोडायला आला आणि तिथं उगीचच थोडा वेळ उभा राहिला. मार्जोलेननं खिडकी लावून घेतली.

रविवारी लिझेत दोन्ही बाटल्या पिशवीत घालून गेली. रोलांद पीठ लाटत होती. लिझेतनं जुनी बाटली उघडून तिच्यापुढे धरली. रोलांदनं हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"रिकामी नाहीये, रोलांद."

रोलांदनं हात एप्रनला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग यंदाची बाटली स्वतःच उघडून हुंगली, आणि हिचा येतो, म्हणाली. लिझेतनं सांगितलं, की हिचा वास एवढा आहे, की आमच्या नर्सचं डोकं दुखतं.

"बाबांसारखं?" रोलांदनं विचारलं.

"तसंच असेल असं नाही. सर्दीनं जातं. नाकात मांस वाढतं. वयानं तर–"

"तू असा पाढा वाचायला लागलीस ना, की मला भीती वाटते."

लिझेतनं पाढा सोडला. मग रोलांदनं विचारलं तेवढंच तिनं सांगितलं. खात्री करायला आणखी दोन गोष्टी बघता येतात. एक म्हणजे रंगीत चकत्या छटांप्रमाणे ओळीनं लावायच्या. दुसरी म्हणजे हृदयाचं चित्र. दंडात एक औषध टोचतात, ते हृदयाकडच्या मज्जातंतूंत जाऊन बसतं आणि यंत्राला दिसतं. तंतू शाबूत असतील तर हृदय दिसतं, सुकले असतील तर नाही. आणि दिसलं नाही तर आजार थांबवणारं औषध आहे का, असं रोलांदनं विचारलं. अजून नाही, असं लिझेतला म्हणावं लागलं.

"मग मला कशाला सांगतेस? तू बाबांनाही सांगायचीस, कुत्रा नाही म्हणून. खरंच सांगायचीस. त्यांना काय मिळालं त्यातून?"

यावर लिझेतकडे उत्तरं होती. ती उत्तरं ती सभांमधून देत आली होती. माणसाला आपलं आयुष्य आखता येतं, घराची सोय बघता येते, नव्या औषधांच्या चाचणीत भाग घेता येतो. पिठाच्या टेबलाशी उभं राहून तिला त्यातलं एकही बोलवेना. रोलांदनं झाकण थापलं, कडा दुमडल्या आणि भांडं भट्टीत सारलं. दोघी जेवल्या. त्या दिवशी कुणाचीही उणीदुणी निघाली नाहीत, आणि ते लिझेतला सगळ्यात जड गेलं.

ती कोट चढवत असताना रोलांद दारापाशी आली. काढ तुझं चित्र, ती म्हणाली. पण मला सांगायचं नाही. आज नाही, पुढेही नाही, मी विचारेपर्यंत नाही.

"मग काढायचं कशाला?"

"कुणाला तरी माहीत असू दे. मला माहीत झालं तर मी रोज हाताकडे बघत बसेन. तुला माहीत असलं तर मी झोपेन." मग कोटाचं वरचं बटण लावून देत ती म्हणाली, "आणि तोंड सांभाळ. तुझ्या तोंडावर मला काही दिसलं, तर मी तुला घरात घेणार नाही."

मार्जोलेन प्रत्येकाला सुरुवातीलाच विचारते, की काही आढळलं तर कळवायचं का. रोलांदनं प्रतीक्षेच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, माझ्या बहिणीला कळवा, मला नाही. तिनंच हे सगळं सुरू केलंय. रेनाल्दनं अट घातली, की चित्र तो वाचेल, लिझेत त्या दिवशी खोलीत फिरकणार नाही. त्यामुळे उरलेलं तिला मार्जोलेनकडून कळलं. रोलांदनं रंगीत चकत्या शर्टाची बटणं लावावीत तशा भराभर लावल्या आणि निळ्या-हिरव्यापाशी अडखळली. पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मध्ये काही तास थांबावं लागतं. तेवढ्यात तिनं बाकावरच्या तीन अनोळखी माणसांचे आजार, सुना आणि सासुरवाड्या माहीत करून घेतल्या, आणि यंत्राखाली झोपताना, हे धुता का कधी, असं तिथल्या माणसाला विचारलं. गायकमंडळाची नाकं पुन्हा कामावर घेतली आणि मला काढून टाकलं, अशी तक्रारही तिनं जाता जाता नोंदवली.

पुढच्या आठवड्यात रेनाल्दनं लिझेतला बोलावलं. आधी कॉफी दिली. ही त्याची पद्धत नव्हती, त्यामुळे पडदा तिच्याकडे वळवायच्या आधीच तिला कळलं.

पडद्यावर खाली यकृत लख्ख उजळलेलं होतं. वर दोन्ही फुप्फुसं धुक्यासारखी दिसत होती. त्यांच्या मध्ये, डाव्या अंगाला, जिथं घोड्याच्या नालासारखं तेजाळ काही दिसायला हवं, तिथं अंधार होता.

लिझेतनं अशी चित्रं शेकड्यांनी पाहिली होती. इतकं स्वच्छ चित्र मिळणं ही या कामातली चैन. शंकेला जागा नाही, वाद नाही. गेल्याच महिन्यात अशाच एका चित्रापुढे ती म्हणाली होती, किती सुंदर आलंय. ते कुणाचं होतं, तिला आठवेना. कुणाची तरी बहीण असणार.

हृदयाला तसं काही झालेलं नव्हतं. ते नीट धडधडत होतं, जिने चढत होतं, अख्ख्या गावाशी भांडत होतं. फक्त त्याच्याकडे जाणारे तंतू सुकले होते, म्हणून टोचलेलं औषध थांबायला तिथं जागा उरली नव्हती. हे सगळं ती विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायची.

रेनाल्दनं घसा साफ केला. "गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक रडणाऱ्या माणसाला या बाईनं जेवू घातलंय," तो म्हणाला. "आणि तिचं काळीज माझ्या यंत्राला दिसत नाही. यंत्र बावळट आहे, लिझेत."

लिझेतनं कॉफी संपवली. ती थंडगार झाली होती.

रविवारला चार दिवस होते आणि ते चारही दिवस तिनं एकाच प्रश्नात घालवले. जायचं टाळलं तर रोलांदला कळेल. फुलं नेली तर कळेल. लिझेतनं बहिणीसाठी जन्मात फुलं नेली नव्हती. मी भांडी घासते म्हटलं तर कळेल. जिना जरा सांभाळून उतर म्हटलं तर त्याच क्षणी कळेल. आजाराची अगदी पहिली खूण ओळखण्यात तिनं आयुष्य घालवलं होतं, आणि आता स्वतःच्या मायेची एकही खूण दिसू द्यायची नव्हती. खोकल्याच्या गोळ्या घेऊन जावं असं तिच्या मनात आलं, मग त्याही तिनं दुकानात परत ठेवल्या.

रविवारी ती ठरल्या वेळेपेक्षा जराशी उशिरानंच पोचली, कारण ती नेहमी उशिराच पोचायची. रोलांदची पाठ दाराकडे होती. पातेल्यात चिरलेले बटाटे होते. लिझेतनं आत वाकून पाहिलं. तुर्तिएरचे बटाटे सगळे एका मापाचे, खेळातल्या फाशांसारखे चिरलेले असतात. त्यात रोलांदचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे तुकडे मोठे होते, तिरपे होते, काही तर नुसतेच अर्धे केलेले होते. सुरी पुढे जाताना हात कुठे अडखळला, ते प्रत्येक तुकड्यावर दिसत होतं.

रोलांद वळली. तिनं लिझेतच्या तोंडाकडे बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बाजारात मासा निवडताना बघावं तसं. लिझेतला वाटलं, आणखी क्षणभर अशीच उभी राहिले तर संपलं.

"हे बटाटे आहेत की खाडीतले धोंडे?" ती म्हणाली. "कुणाचा जबडा निखळवायचाय?"

रोलांदचे डोळे बारीक झाले. मग तिचं तोंड जे सुटलं ते सुटलं. दर रविवारी आयतं गिळायला येणाऱ्यांनी बटाट्यांना नावं ठेवू नयेत. आई आजारी असताना कुणाचे हात पाण्यात होते आणि कुणाची नाकं पुस्तकात होती, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. लिझेतनंही मागे हटायचं नाही असं ठरवलं होतं. आईच्या आजारपणात दर सुट्टीत गोधड्या कुणी धुतल्या, असं तिनं विचारलं. गोधड्या धुतल्यास आणि आख्ख्या अंगणात साबण सांडलास, असं रोलांद म्हणाली. होडी रंगवायच्या ब्रशपासून लिझेतच्या मोडलेल्या साखरपुड्यापर्यंत सगळं निघालं. रोलांदच्या गालांवर लाली चढली. आवाज खणखणीत झाला. लिझेतला मध्येच खरोखरचा राग आला, आणि राग आला म्हणून तिला इतकं हायसं वाटलं, की तिनं मोडलेल्या साखरपुड्यातही रोलांदचाच दोष काढला.

शेवटी रोलांदचा दम संपला. ती टेबलाला टेकली.

"एवढं कळतं तर पुढच्या रविवारी तू चीर," ती म्हणाली.

"चिरते."

"सकाळी यायचं. जेवायच्या वेळेला उगवायचं नाही."

"सकाळीच येते."

"आणि त्याच्या पुढच्याही. माझ्या बटाट्यांना कुणी धोंडे म्हटलेलं चालणार नाही."

"बरं," लिझेत म्हणाली.

रोलांदनं पातेलं तिच्यापुढे ढकललं. मग सुरीची मूठ लिझेतकडे करून ती टेबलावरून पुढे सरकवली. पुढच्या रविवारपर्यंत कशाला थांबायचं, हे धोंडे आत्ताच बारीक कर, असं म्हणून तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. स्वयंपाक चालू असताना रोलांदला बसलेलं लिझेतनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनं तिकडे बघायचं टाळलं, बाह्या वर केल्या आणि पहिला बटाटा घेतला. तिचे तुकडेही मोठेच होत होते. रोलांद बोटानं एकेक दाखवत होती आणि ती तो पुन्हा चिरत होती.